म्हाताऱ्याचा कान

मी एक जुना दगड आहे. थांबा मित्रांनो, दगड म्हटल्याबरोबर पान उलटू नका! दगडाला कसले आले आयुष्य, असे तुम्ही म्हणाल. म्हणा बापडे. मी रागावणार नाही. रागाने लाल व्हावे इतका तापट मी एकदाच होतो, आणि तेव्हा मी दगड नव्हतो, पातळ विस्तव होतो.

माझा बाप डोंगर आहे, तोही धूर सोडणारा. त्याचे जुने नाव पोपोकातेपेत्ल. पण आमच्या सान हेरोनिमो गावात ते नाव फक्त शाळेच्या पुस्तकात सापडते. घरात, शेतात, बाजारात त्याला सगळे डॉन गोयो म्हणतात. कुणी नुसतेच 'म्हातारा' म्हणते. "म्हाताऱ्यानं सकाळीच चिलीम पेटवली गं," असे एकमेकींना ओरडून सांगत बायका वाळत घातलेले कपडे घरात घेतात, कारण थोड्या वेळाने राख पडणार असते. मार्च महिन्यात त्याचा वाढदिवस येतो. त्या दिवशी गाव वर चढते आणि त्याच्यासाठी नवी विजार, सदरा, टोपी, मोलेच्या दाट रश्श्यातली कोंबडी आणि फळे ठेवून येते. एका वर्षी कुणीतरी म्हणाले, यंदा बूटही नेऊ. तेव्हा एक म्हातारबुवा कळवळून म्हणाले होते, "बूट नका रे देऊ त्याला! चालायला लागला तर पळायचं कुणी?"

असा माझा बाप. त्याने मला एका खोकल्यासरशी बाहेर फेकले. मी गडगडत आलो, निवत आलो, आणि गावाच्या वरच्या अंगाला असलेल्या टेकडीच्या सपाटीवर येऊन थांबलो. मग कितीतरी काळ मी नुसता पडून होतो. माझ्यावर शेवाळ आले, गेले. सरडे तापले, निवले.

पुढे माणसे आली. त्यांनी खाली मातीच्या भिंतींची घरे बांधली. प्रत्येकाच्या अंगणात हातभर उंचीचा मातीचा डोंगर असे, आणि त्याच्या तोंडात निखारे ठेवून धूर काढत. मोठ्या म्हाताऱ्याने रागावू नये म्हणून घरोघरी एकेक लहान म्हातारा सांभाळलेला! त्यांच्यात एक माणूस होता. त्याचे नाव मला कधी कळले नाही. सगळे त्याला 'बघणारा' म्हणत. तो रोज उजाडताना टेकडीवर येई आणि सूर्य डोंगराच्या कोणत्या अंगाने वर येतो ते बघत बसे. आज या जागेवरून बघे, पुढच्या वर्षी दहा पावले सरकून बघे, त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा मागे येई. त्याचे केस काळे होते तेव्हा त्याने सुरुवात केली. ते पांढरे झाले तेव्हा एके पहाटे तो माझ्याजवळ गुडघे टेकून बसला आणि लहान मुलासारखा रडू लागला. थंडी सरताना वर्षातली एक पहाट अशी येते, की सूर्य बरोब्बर म्हाताऱ्याच्या तोंडातून बाहेर पडतो. मधोमध! जणू डोंगरानेच त्याला जन्म दिला. आणि ते फक्त माझ्यापासून दिसत होते. एक हात इकडे नाही, एक हात तिकडे नाही.

मग मला घडवले. टणक दगडाच्या हातोडीने ठोक ठोक करत त्याने माझ्या एका कडेला हनुवटी टेकण्यापुरती खाच केली. खाचेपासून समोरच्या टोकापर्यंत एक सरळ चर ओढला. गुडघे टेका, हनुवटी खाचेत ठेवा, चरातून बघा, की समोर म्हाताऱ्याचे तोंड! माझ्या पाठीवर त्याने लहान लहान वाट्या कोरल्या. संध्याकाळ झाली की त्यांत पाणी भरत आणि त्या पाण्यात कृत्तिका कधी उतरतात ते बघत. मला दुखले का? दुखले. पण मित्रांनो, ज्याच्या हातून आपले काही घडायचे असते, त्याची हातोडी गोडही लागते.

काय ते दिवस सांगू! त्या पहाटे सारे गाव घोंगड्या पांघरून टेकडीवर येऊन बसे. मांडीवर मक्याच्या बियाण्याच्या पिशव्या असत. कुणी बोलत नसे. बघणारा हनुवटी टेकून वाट बघे. तोंडातून तेजाचा पहिला थेंब फुटला की तो हात वर करी, आणि बायका गायला लागत. बियाणे घराबाहेर काढायचा तो दिवस. त्याआधी पेरले तर थंडी खाते, फार उशीर केला तर गारा खातात. गावाच्या पोटाचा प्रश्न माझ्या चरातून जात होता, आणि त्यामुळे मी थोडा फुगलो होतो, हे खरे आहे.

मग एकदा बाप फारच खोकला. राखेने घरे भरली, शेते भरली, अंगणातले लहान म्हातारे बुडाले. माणसे पाठीवर पोरे घेऊन निघून गेली. त्या राखेखाली मी किती काळ होतो, ते मला सांगता येणार नाही. तिथे सूर्यच नव्हता, मग काळ कशाने मोजू?

पावसांनी मला हळूहळू उघडे केले. नवी माणसे आली. त्यांच्यातल्या कुणालातरी माझी खाच सापडली आणि पुन्हा पहाटेच्या बैठका सुरू झाल्या. त्यानंतर झगे घातलेले पाद्री आले. त्यांनी टेकडीच्या माथ्यावर लाकडी क्रूस रोवला. लोक क्रूसापुढे गुडघे टेकू लागले, आणि उतरताना माझ्यापुढेही टेकू लागले. देव फार मोठ्या मनाचा हो! त्याने कधी क्रूसाकडून माझी चुगली ऐकून घेतली नाही.

पण हळूहळू एक गोष्ट घडली. बघायचे कसे ते विसरले गेले आणि माझ्या पाठीवरच्या वाट्या तेवढ्या राहिल्या. वाटीत तोंड घालून कुणीतरी काहीतरी मागितले असेल, आणि योगायोगाने ते मिळाले असेल. झाले! मी 'म्हाताऱ्याचा कान' झालो. मला झेंडूचे हार पडू लागले. लोक यायचे, वाकायचे आणि कुजबुजायचे. "माझं गाढव सापडू दे." "लेकीला मुलगा होऊ दे." एक बाई तर दर रविवारी येऊन सांगायची, "आजोबा, माझ्या सुनेची जीभ जरा आखूड करा." आणि तिची सून सोमवारी येऊन सासूबद्दल तेच सांगायची.

मी डोळा होतो, मित्रांनो. कान म्हणून माझ्यावर प्रेम झाले. प्रेमाला नाही कसे म्हणणार?

खरी गोष्ट फक्त विजेच्या माणसांना ठाऊक राहिली. आमच्याकडे ज्याच्यावर वीज पडते आणि तरी जो जगतो, त्याला पावसाने आपला म्हणून निवडला असे मानतात. गारा परतवायच्या, ढगांना विनवायचे, ही त्याची सेवा. त्याच्या आधीचा विजेचा माणूस त्याला त्या एका पहाटे माझ्याजवळ आणतो, गुडघे टेकायला लावतो, आणि चरातून दिसते ते दाखवतो. ते शब्दांनी सांगायचे नाही, त्या पहाटेच दाखवायचे. गारा परतवायचे शब्द आणि हातवारे त्यानंतरच शिकवायचे. आणि ज्याच्यावर वीज पडली नाही, त्याला दाखवायचे नाही. असा हा नियम.

गावात अशी एकच उरली होती, म्हातारी एपिफानिया. आदराने तिला सगळे डोन्या म्हणत. लहानपणी मेंढ्या राखताना तिच्यावर वीज पडली होती. उजव्या खांद्यापासून कोपरापर्यंत तिच्या हातावर झाडाच्या मुळांसारखी खूण होती. थंडीच्या शेवटी ती रोज पहाटे काठी टेकत वर यायची. खाच तिच्या हनुवटीला ओळखत होती. तोंडातून सूर्य आला की ती एकटीच गायची:

सोड गा म्हाताऱ्या, ढगांची घोंगडी,
कणसाच्या लेकरा पाज धार थोडी.
आम्ही तुझी पोरं, पाय तुझे धरू,
तूच नाही म्हणता कुठे आम्ही मरू?

किती गोड गळा! मग खाली जाऊन ती दारोदार सांगे, "बियाणं काढा." लोकांना वाटे, म्हाताऱ्याने तिच्याकडे निरोप दिला. ती हसे, बोलत काही नसे.

तिचे गुडघे संपत आले होते आणि तिच्यानंतर कुणीच नव्हते. हीच तिची रात्रंदिवसाची काळजी. मग एका पावसाळ्यात, मिरच्यांचे भारे बांधताना, तिच्या सुनेवर वीज पडली. सुनेचे नाव निएवेस. चाळिशीची, बाजारात मिरच्या विकणारी, तोंडाने तिच्या मिरच्यांहून तिखट. केस जळले, एक कान बधिर झाला, पण वाचली. पुढे बरी होऊन सासूबरोबर वर आली तेव्हाचे त्यांचे बोलणे मी ऐकले.

"सुनेला वीज लागली म्हणून कुठली सासू गावभर मक्याचे गोड तामाले वाटते हो?" निएवेस म्हणाली. "दवाखान्यातल्या नर्सलासुद्धा वाटले तुम्ही!"

"वाटू नको तर काय करू? किती वर्षं वाट बघतेय, कुणावर तरी पडू दे म्हणून."

"मग दुसऱ्या कुणावर पाडायची होती. तुमच्या लेकावर पाडायची! तो तर दिवसभर झाडाखालीच आडवा असतो."

"त्याच्यावर पडून वीज वाया गेली असती," म्हातारी म्हणाली, आणि दोघी पोट धरून हसल्या. मग म्हातारीने सुनेचा हात माझ्या पाठीवर ठेवला. "थंडी सरू दे. त्या दिवशी तुला इथं आणीन. तोवर माझे हे गुडघे टिकू देत, बस्स."

थंडी सरायला तेव्हा बराच अवकाश होता.

पाऊस संपता संपता शहरातून एक बाई आल्या. डॉक्टर ओतिलिया. मातीखालची जुनी गावे शोधणाऱ्या. पण गावाने 'डॉक्टर' एवढेच ऐकले. गावप्रमुख डॉन सिरेनियो सगळ्यांत पुढे येऊन कंबरेवर हात ठेवून उभा राहिला.

"डॉक्टर, इथं दुखतं. वाकलं की सुटतच नाही."

"मी मेलेल्यांची डॉक्टर आहे हो," बाई म्हणाल्या. "तुम्ही हजारएक वर्षांनी दाखवा. तेव्हा नीट तपासते."

गाव हसून हसून लोळले. सिरेनियो स्वतःही हसला. मनाने फार चांगला माणूस! कुणाच्या घरी मयत झाली तर खड्डा खणायला पहिला तोच.

ओतिलियाबाई टेकडीवर आल्या. त्यांनी मला ब्रशने पुसले, माझ्या वाट्या बघितल्या, खाच बघितली, चराची दिशा होकायंत्राने मोजली. मग काय केले ठाऊक आहे? कुणी न सांगता गुडघे टेकले आणि हनुवटी खाचेत ठेवली. माझ्या अंगावर काटा आला! पण समोर ढग होते. म्हातारा दिसत नव्हता. मागे एपिफानिया काठीवर रेलून उभी होती.

"वीज पडलीय का गं तुझ्यावर?" तिने विचारले.

"नाही, डोन्या."

"मग एवढ्यावरच थांब, पोरी."

बाई उठल्या, गुडघे झटकले आणि म्हणाल्या, "थांबते. पण थंडीच्या शेवटी मी माझी उपकरणं घेऊन येईन. तुम्ही पुढं, मी मागं. चालेल?"

म्हातारीने थोडा विचार केला. "मागं उभं राहायला कुणाची ना नाही," ती म्हणाली.

जाण्याआधी बाईंनी गावाला चर्चच्या पायरीवर बसवून एक गोष्ट सांगितली. टेकडीच्या पलीकडच्या अंगाला खाण होती. तिथून घरबांधणीची लाल खडी शहरात जात असे, आणि खाण दरवर्षी टेकडीचा एकेक घास घेत पुढे सरकत होती. बाई म्हणाल्या, "हा दगड इथं कुणीतरी मुद्दाम घडवलाय, हे मला सरकारला कागदावर दाखवायचंय. तो कागद झाला, की टेकडीला कुणी हात लावू शकणार नाही. फक्त एक करा. तोवर दगड हलवू नका."

केवढे सरळ बोलणे! आता वाईट काय होणार, असे तुम्हाला वाटेल. मलाही वाटले होते.

पण बाईंची गाडी वळणाआड गेली आणि सिरेनियोने टोपी काढून डोके खाजवले. "कागद," तो म्हणाला. "ऐकलं का? कागद होणार."

आमच्याकडच्या लोकांच्या मनात एक जुनी जखम आहे. दूरच्या एका गावाची मोठी पाऊसमूर्ती मोठ्या गाड्यांवर घालून शहरात नेली होती. आज ती तिथे मोटारींच्या धुरात उभी आहे. त्या गावचा पाऊसही तिच्या मागोमाग गेला, असे आमच्याकडे अजून सांगतात.

"तिथंही आधी कागदच झाला होता," एक म्हातारा म्हणाला.

"ही बाई चांगली आहे पण," दुसरे कुणीतरी म्हणाले.

"बाई चांगली आहे. लॉरी कधी चांगली असते का?" सिरेनियो म्हणाला. "म्हणाली ना, हलवू नका! आपण हलवायचा नाही, म्हणजे त्यांना आयता सापडेल. त्यापेक्षा कान आपण खाली आणू. चर्चच्या अंगणात, आपल्या गावच्या संताच्या, सान हेरोनिमोच्या नजरेसमोर. तिथून उचलून दाखवा म्हणावं! आणि डोन्या एपिफानियाचं घर अंगणाला लागून आहे. या गुडघ्यांनी ती बिचारी वर कशाला चढेल?"

"पण जागा बदलली तर चालेल का?"

"अरे, कानच तो. माणूस बाजारात गेला तर कान काय घरी ठेवून जातो? कुठंही ठेवला तरी ऐकतो!"

सगळ्यांना पटले. मित्रांनो, त्यांच्या जागी तुम्ही असता तर तुम्हालाही पटले असते.

मृतांचा सण आटोपला होता. वाटेवर अजून झेंडूच्या पाकळ्या पडलेल्या होत्या. एपिफानिया तापाने अंथरुणाला खिळली होती. तिला अचानक आनंद द्यायचा म्हणून कुणी काही बोलले नाही. मला हलवायला माणसे पुरेनात, तेव्हा सिरेनियोने खाणीचे मशीन मागून आणले. खाणीवाल्यांनी ते हसत हसत दिले. मशीनला चढायला रस्ता नव्हता. ते झाडे मोडत, उतार कापत, स्वतःचा रस्ता करत माझ्यापर्यंत आले. माझ्याभोवती साखळदंड आवळला. आणि जी जागा शोधायला एका माणसाचे केस पांढरे झाले होते, तिथून मी दोन झटक्यांत सुटलो.

खाली माझी मिरवणूक निघाली. बँड, फुले, दारूचे बाण! पोरांनी माझ्यावर पाकळ्या उधळल्या. अंगणात सिमेंटचा ओटा करून ठेवला होता. त्यावर मला उभा बसवला. हो, उभा. वाट्या समोर, सगळ्यांना तोंड लावता येईल अशा. खाच खाली गेली, सिमेंटाला टेकली.

निएवेसच्या खांद्याला धरून एपिफानिया बाहेर आली. तापाने डोळे लाल झालेले. बँड थांबला.

"घ्या डोन्या!" सिरेनियोने टोपी छातीशी धरली. "आता घरबसल्या म्हाताऱ्याशी बोला."

तिने मला बघितले. मग डोंगराकडे बघितले. अंगणातून तो अर्धाच दिसत होता. उरलेला घंटेच्या मनोऱ्यामागे होता.

"याचं तोंड कुठं होतं, कुणी बघितलं का रे?" तिने विचारले.

"कानाला कसलं तोंड, डोन्या?" कुणीतरी म्हणाले, आणि चारजण हसले.

ती हसली नाही. ती खाली बसली आणि सिमेंट हाताने खरवडू लागली. ते अजून ओले होते. निएवेसने तिचे हात धरले तेव्हा तिची नखे पांढरी झाली होती. काहीतरी मोठे चुकले आहे एवढे सगळ्यांना कळले, आणि काय चुकले ते कुणालाच कळले नाही. तिला ते सांगता येत नव्हते, कारण नियम.

दुसऱ्या दिवशी तिने सिरेनियोला बोलावून एवढेच सांगितले, "परत ठेव. जसा होता तसा." त्याने वाद घातला नाही. लगेच खाणीवर गेला. पण आता मशीन कामात होते. पुढच्या आठवड्यात या, म्हणाले. मग नाताळनंतर या, म्हणाले. तोवर मशीनने केलेल्या त्या नव्या रस्त्याने खाणीच्या गाड्या अलीकडच्या अंगाला येऊ लागल्या. गाव विचारायला गेले तेव्हा तिथला मुकादम म्हणाला, "इथं जुना दगड आहे म्हणून आम्ही थांबलो होतो. आता कुठंय दगड?" सिरेनियो गाड्यांसमोर आडवा झाला. त्याला चौघांनी उचलून बाजूला ठेवले, आणि त्याची दुखरी कंबर त्या दिवसापासून कायमची मोडली. मी अंगणातून रोज ऐकत होतो. धाड. धाड. सपाटी गेली. मग तिच्याखालची टेकडी गेली.

थंडी सरली. ओतिलियाबाई आल्या, बोलल्याप्रमाणे. गाडीतून उतरून त्या अंगणात आल्या आणि माझ्यासमोर उभ्या राहिल्या. रागावल्या असत्या तर बरे झाले असते.

सिरेनियो काठीवर वाकून आला. "तुम्ही सांगितलं होतं, हलवू नका म्हणून."

"सांगितलं होतं."

"आम्हाला वाटलं, तुमची लॉरी येईपर्यंत हलवू नका."

बाई पायरीवर बसल्या. "माझ्याकडे लॉरी नाही हो, डॉन सिरेनियो," त्या हळूच म्हणाल्या. "ती लहान गाडीसुद्धा बहिणीची आहे."

तो तोंड फिरवून रडू लागला.

"जागा सापडेल का?" निएवेसने विचारले. "तुमच्या नकाशात असेल ना?"

बाईंनी नकाशा काढला, फाटकापर्यंत गेल्या, आणि समोर बोट दाखवले. तिथे पूर्वी टेकडी होती. आता मोकळे आभाळ होते. त्यात एक गिधाड संथ फिरत होते.

"ते गिधाड आहे ना," बाई म्हणाल्या, "त्याच्या जरा खाली."

माझी जागा आता हवेत आहे, मित्रांनो. तिथे काही ठेवता येत नाही.

एपिफानियाला हे सांगितले. ती म्हणाली, "उद्या पहाटे मला अंगणात न्या." सिरेनियोच्या पोरांनी पहारी घालून सिमेंट फोडले, मला आडवा केला, खाच वर आणली, चर डोंगराकडे वळवला. सगळे गाव घोंगड्या पांघरून आले. मक्याच्या गरम पेजेचे, आतोलेचे पेले हातोहात फिरले, पण कुणी प्यायले नाही. म्हातारीने नियम मोडला. कुणालाही बाहेर काढले नाही. तिने निएवेसला गुडघ्यांवर बसवले.

"हनुवटी ठेव. काय दिसतं?"

निएवेसने एक डोळा मिटला. "मनोरा."

"आणखी?"

"मनोऱ्यावरची घंटा." तिने हनुवटी उचलून पुन्हा टेकवली. "आई, मला दुसरं काहीच दिसत नाही हो."

सूर्य आला. म्हाताऱ्याच्या तोंडातून नाही, खांद्यापलीकडून, एका ढगाच्या चिंधीआडून. कुठल्याही सकाळी येतो तसा. लोक एपिफानियाकडे बघत राहिले. बियाण्याच्या पिशव्या मांडीवर होत्या.

"आज का, डोन्या?" कुणीतरी विचारले.



"मला माहीत नाही," ती म्हणाली.

तिच्या तोंडून हे शब्द गावाने कधी ऐकले नव्हते.

ओतिलियाबाई तिच्याशेजारी मातीत बसल्या. "डोन्या, मी गणित करून तारीख काढून देईन. दरवर्षी कळवीन. चुकणार नाही."

म्हातारीने त्यांच्या गालावरून हात फिरवला. "दे, पोरी. चांगलंच होईल. पण त्या तारखेपुढे गुडघे कसे टेकायचे गं?"



त्या वर्षी ज्याला वाटले तेव्हा त्याने पेरले. कुणी टीव्हीवर ऐकून, कुणी शेजाऱ्याकडे बघून. एकत्र पेरणी झाली नाही म्हणून एकत्र गाणेही झाले नाही. मे महिन्यात, क्रूसाच्या सणाच्या दिवशी, एपिफानिया वारली. श्रावणासारख्या भरल्या दिवसांत गारा आल्या. विजेची माणसे गारा परतवायला हलवतात ती ताडाची झावळी घेऊन निएवेस अंगणात धावली आणि काळ्या ढगाकडे तोंड करून ती हलवू लागली. मागे सर, मागे सर! हात कसा फिरवायचा, कोणते शब्द म्हणायचे, तिला कुणी शिकवायला उरले नव्हते. तिला ते अर्धे गाणे तेवढे येत होते. तेच ती पुन्हा पुन्हा ओरडत राहिली. गारा तिच्या कपाळावर फुटत होत्या. शेते आडवी झाली.

अजूनही लोक येतात आणि माझ्या वाट्यांत कुजबुजतात. आता माझ्याकडे क्षमा मागतात. ती द्यायची कशी, हे मला माहीत नाही. बाईंनी माझ्याशेजारी एक पाटी लावली आहे. मी कुठे होतो आणि कशासाठी होतो, ते तिच्यावर खरे खरे लिहिले आहे. ती राखेने लवकर मळते. निएवेस ती पुसते. दर सकाळी पुसते आणि निमूटपणे मिरच्यांचा भारा उचलून बाजाराला जाते.

माझे आता काही व्हायचे नाही, मित्रांनो. देवाकडे मी स्वतःसाठी काही मागत नाही. पण तुमच्या गावाबाहेर कुठे एखादा जुना दगड असेल, शेंदूर फासलेला असेल, नुसता पडलेला असेल. कधी तुम्हाला त्याची फार माया येईल. त्याला चांगल्या जागी न्यावे, ओटा बांधावा, छप्पर घालावे, असे वाटेल. तेव्हा त्याला हात लावू नका. घोंगडी पांघरून एका पहाटे त्याच्याशेजारी जाऊन बसा. उजाडेपर्यंत बसा. आणि तो कुठे बघतो आहे, ते बघा.